मनाच्या आजारासाठी किती जण अ‍ॅडमिट होतात?

पुण्यातल्या मित्रांशी बोलताना हल्ली एक समाधान ऐकू येतं: आता मेडिक्लेममध्ये मानसिक आजारही येतात. कायदा तसा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 ने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला सांगितलं. तरी क्लेम नाकारले गेले. एका महिलेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि 2021 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला.

पण हे संरक्षण मुख्यतः 24 तास भरती झालेल्या रुग्णाला मिळतं. नैराश्य किंवा चिंताविकार असलेली बहुतेक माणसं कधीच भरती होत नाहीत. ती दर आठवड्याला तासभर थेरपिस्टसमोर बसतात, गोळ्या घेतात, कामावर जातात आणि फी खिशातून भरतात. कंपन्या म्हणतात, मधुमेहाची ओपीडी तरी आम्ही कुठे देतो? नियमाच्या भाषेत हे बरोबर असेल, मला पटत नाही. इथे तो आठवड्याचा तास हाच उपचार आहे. तोच वगळला तर समानता कागदावर राहते.

मी राहतो त्या जर्मनीत सरकारी विम्यातून थेरपी मिळते. आधी 12, मग आणखी 12 सत्रं, गरज असेल तर पुढे 60 किंवा त्याहून जास्त. बिल रुग्णाच्या हातात येतच नाही. अर्थात नंबर लागायला महिनोन्‌महिने जातात, कारण विम्याचे रुग्ण घेऊ शकणाऱ्या थेरपिस्टांच्या जागा ठरवून दिलेल्या आहेत. भीतीही गेलेली नाही. काम करता न येण्याच्या जोखमीचा खासगी विमा काढताना आधीच्या थेरपीबद्दल विचारतात, म्हणून काही जण नोंद नको म्हणून स्वतःच्या पैशाने जातात. ते ऐकून मला फार वाईट वाटतं.

तरीही एक गोष्ट भारताने जरूर घ्यावी. 1999 पासून लागू झालेल्या जर्मन कायद्याने मानसशास्त्रज्ञ थेरपिस्टांना परवाना दिला आणि थेट विम्याकडून पैसे घेण्याचा हक्कही. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेकडे नोंदलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ, आहेत. त्यांच्याकडची वर्षातली ठरावीक सत्रं, भरतीची अट न घालता, मूळ पॉलिसीतच यायला हवीत. वेगळा हप्ता भरून घ्यायचं रायडर म्हणून नव्हे.