"रविवारचं दुकान" म्हणे! गावाकडच्या चर्चबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच, 'खेड्यातलं चर्च म्हणजे रविवारचं दुकान' अशी त्याची सुरुवात. पुढे थोडक्यात असं की लोक तिथे धान्य नि पैसे मिळतात म्हणून जातात, सोमवार ते शनिवार चर्चला कुलूप, प्रार्थना परक्या भाषेत, आरती-बिरती करतात ती गावकऱ्यांना फसवायला, आत दारू देतात, पापं कबूल करायला लावून गुपितं काढून घेतात आणि सगळा खर्च परदेशातून येतो. सोबत एक व्हिडिओ. मी निफाडकडचा, जन्माने कॅथलिक, घरात चार पिढ्या मिशनातल्या, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी तो व्हिडिओ. मंडप टाकलाय, सूट घातलेला माणूस माइकवर ओरडतोय, त्याने कपाळाला हात लावला की माणसं धाडधाड खाली पडतायत. हे ज्यांचं असेल त्यांचं असो, कॅथलिक मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, अशी नसते. आमच्याकडे कुणी पडत नाही, झालंच तर प्रबोधन, म्हणजे फादरचं प्रवचन, लांबलं की मागच्या बाकावरचे एखादे आजोबा पेंगतात. कुठल्या रविवारी काय वाचायचं हेसुद्धा फादरच्या मनावर नसतं, येशूच्या चरित्राची बायबलात चार पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमान म्हणतात, त्यांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, मधेमधे योहान, त्यामुळे त्या दिवशी रोममध्ये जे शुभवर्तमान वाचतात तेच आमच्याकडे कांद्याच्या चाळीशेजारी वाचलं जातं.

आता "आठवडाभर कुलूप". हे लिहिणारा माणूस सकाळी कधी मिशनात आलेला दिसत नाही. (चर्च, फादरांचं घर, सिस्टरांचा दवाखाना, बोर्डिंग, या सगळ्या कंपाउंडला आम्ही मिशनच म्हणतो.) रोज सकाळी साडेसहाला मिस्सा असते. गर्दी नसते हे खरं, सिस्टर लोक, बोर्डिंगची पोरं, चारपाच म्हाताऱ्या, आणि ज्यांनी घरच्या मयतासाठी मिस्सा सांगितलीय ते. पण पॅरिश, म्हणजे एका फादरच्या हाताखालचा चर्चचा विभाग, ही काही ती एक इमारत नव्हे ना, एका पॅरिशखाली आजूबाजूची कितीतरी गावं नि वस्त्या येतात, दिवसा सगळे रानात, मग फादर संध्याकाळी बाइकवर निघतात, कुणाच्या तरी ओट्यावर टेबल मांडायचं, वर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, झालं देऊळ तयार, लाइट गेली तर मोबाइलचा टॉर्च. हार्मोनियम, ढोलकी आणि टाळ वस्तीवरचेच. पेटीवाला आला नाही तर बायका तशाच सुरू होतात आणि खरं सांगू का, तेव्हा गाणं जास्त चांगलं होतं.

आणि या सगळ्यात मेसेजवाल्याला ज्याचा पत्ताच नाही तो माणूस म्हणजे प्रचारक मास्तर, फादर नव्हे, गावात राहून धर्म शिकवणारा साधा माणूस. फादर काही वर्षांनी बदलून जातात, मास्तर तिथेच असतात, कुणाच्या पोराचा बाप्तिस्मा राहिलाय, कुणाचं लग्न ठरलंय, कोण आजारी आहे आणि कुणाचा भावाशी बांधावरून वाद झाल्यामुळे तो मिस्साला येत नाहीये, हे सगळं मास्तरांना तोंडपाठ. नव्या फादरला गावं दाखवत फिरवणारे तेच, प्रार्थना शिकवणारे तेच, अंत्यविधीला फादर पोचेपर्यंत प्रार्थना सुरू ठेवणारेही तेच. मानधन विचाराल तर सांगायला लाज वाटेल इतकं.

वर्षाचं गणित पण शेतीवर चालतं. राखेच्या बुधवारी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे द्राक्षाची काढणी. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या एकेका प्रसंगापाशी थांबून केलेली प्रार्थना, खरंतर शुक्रवारी दुपारी तीनला करायची पद्धत, येशूचा प्राण गेला ती वेळ म्हणून, पण दुपारी तीनला बाया बागेत क्रेट भरत असतात, मग आमच्याकडे १४ स्थानं रात्री आठला होतात, कुणी जेवून आलेलं, कुणी उपाशी. ऑक्टोबरात जपमाळ रोज एका घरी, मरियामातेची मूर्ती या घरातून त्या घरात जाते, शेवटी चहा नि चिवडा, पोरं त्यासाठीच येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. २ नोव्हेंबरला मयतांचा दिवस, त्याच्या आधी दफनभूमीतलं गवत काढायला सगळ्यांनी यायचं असतं, येतात निम्मेच.

मग "धान्य-पैसे मिळतात म्हणून जातात". १९७२च्या दुष्काळात मिशनांनी कामाच्या बदल्यात धान्य दिलं होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे, तेव्हा अख्खा महाराष्ट्रच दुष्काळी कामांवर होता. पुढे नगरकडे हर्मन बाकर नावाच्या स्विस येशूसंघी (जेझुइट) फादरांनी पाणलोटाचं काम उभं केलं, नंतर नाबार्ड ही शेतीसाठीची सरकारी बँकही त्यात आली. पाणलोट कुणी कधी पाहिलाय का? तो माथ्यापासून पायथ्यापर्यंत करावा लागतो, मधल्या एका ख्रिस्ती माणसाच्या शेतापुरतं पाणी अडवता येत नाही. आज चर्चमध्ये गेलं तर काय मिळतं विचाराल तर उलटंच आहे, पिशवी आपल्यासमोर येते आणि दहा-वीस टाकायचे असतात.

फायद्याचंच बोलायचं तर कागदावरचं पण बघा की. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. म्हणजे दलित कुटुंब ख्रिस्ती झालं की एससीची सवलत जाते, आपल्या राज्यात फार तर ओबीसीत बसायचं. लालूच दाखवणाऱ्याने लालूच तरी जरा बरी निवडली असती. आणि मोठ्या माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर चर्चच्याच कायद्याप्रमाणे त्याने स्वतःहून मागायला लागतो, आधी शिकवणी असते, टप्पे असतात, त्यात महिनेच्या महिने जातात. आज आला, उद्या झाला, असं नाही.

भाषेचा मुद्दा ६० वर्षं उशिरा आलाय. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची हे अगदी खरं, आमच्या आजीला लॅटिन उत्तरं पाठ होती आणि अर्थ एकाचाही माहीत नव्हता. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, तिने लोकांच्या भाषेला दार उघडलं, तेव्हापासून गावात मिस्सा मराठीतच आहे. आणि मराठीचं म्हणाल तर फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी गोव्यात येऊन मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहून गेला, ते १६१६ साली छापलं गेलं. आपल्याकडे जवळचं नाव म्हणजे नारायण वामन टिळक, ते प्रोटेस्टंट, कॅथलिक नव्हेत, पण त्यांची पदं आमच्या मिस्सातही म्हणतात आणि कुणी पंथ विचारत बसत नाही.

आरती "फसवायला" असते म्हणणाऱ्यांनी तारीख बघावी. १९६९ला भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या १२ गोष्टींना रोमने मंजुरी दिली, त्यात जमिनीवर मांडी घालून बसणं, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, समई आणि आरती हे सगळं आलं. म्हणजे जे काही आहे ते छापील आहे, उघड आहे, ५० वर्षांपेक्षा जास्त जुनं आहे. गंमत म्हणजे तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर कॅथलिकांनीच केली, हे हिंदूंसारखं कशाला म्हणून, आणि अजूनही काही काका लोक करतात. एकाच आरतीवर दोन्हीकडून राग.

दारूचं दोन ओळीत उरकतो. मिस्सात शुद्ध द्राक्षाचा वाइन लागतो, त्यात पाण्याचे थेंब टाकतात, कपातून बहुतेक वेळा एकटे फादर घेतात, लोकांना मिळतो गव्हाच्या पिठाचा पातळ होस्तिया, आणि तोही घ्यायच्या आधी तासभर काही खायचं नाही. नाशिकला वाइन म्हटलं की लोक सहलीला येतात आणि आमच्या घोटभराची एवढी बातमी.

आता पापनिवेदन, म्हणजे फादरसमोर एकट्याने पापं कबूल करणं. तिथे जे ऐकलं ते फादरने बाहेर काढायचंच नाही, कोर्टात नाही, बिशपांना नाही, कुणालाच नाही, थेट फोडलं तर तो आपोआप चर्चमधून बहिष्कृत. आमच्या गावातली गुपितं फुटतात ती सगळी दूध डेअरीवर.

राहिला परदेशी पैसा, आणि त्याच दमात "बाहेरचे फादर" असंही लिहिलंय. नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, १९८७ला पुण्यापासून वेगळा झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव, आडनावावरून काय ते ओळखा. परदेशी देणगी घ्यायची तर २०१०च्या कायद्याखाली नोंदणी लागते, २०२०च्या सुधारणेनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते, दरवर्षी गृह मंत्रालयाला हिशोब. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे वेगळं ऑडिट. शिवाय चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) ५३७प्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये पैशाचं बघणारी समिती असायलाच हवी. ती सगळीकडे नीट चालते असं मी छातीठोक म्हणणार नाही, हिशोब कधी बोर्डावर लागतो, कधी लागत नाही, आणि मीटिंगमध्ये त्याच्यावरून आमची चांगली भांडणं होतात. विषय मात्र ठरलेले, सणाच्या मंडपवाल्याला एवढे कसे दिले आणि कंपाउंडची भिंत अजून अर्धीच का.