एका रोहिताचे चार रंग

जानेवारीत भिगवणला गेलो. उजनीच्या फुगवट्यात होडीत कुडकुडत रोहित पक्षी टिपले आणि घरी येऊन बायकोला म्हटलं, "उद्या एक फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावू." तिने लगेच खिळा ठोकून घेतला. आता मार्च संपत आला. खिळ्यावर सध्या किल्ल्या असतात.

तिथे एका अनुभवी गृहस्थांनी कानमंत्र दिला होता, "जेपेग नको, रॉ काढ. जेपेगमध्ये एकेका रंगाच्या छटा २५६, चौदा बिटच्या रॉमध्ये १६,३८४!" वरच्या १६,१२८ छटांचं मी काय करायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

रॉ म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न शिजवता दिलेली फाइल, नुसता कोरडा शिधा. सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका एकच रंग बघतो; निम्मे हिरवा, उरलेल्यांत निम्मे लाल, निम्मे निळा. बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांकडे चौकशी करून ठरवतं. आमच्या सोसायटीत कुणाच्या घरात काय चाललंय हे असंच ठरतं. प्रत्येक सॉफ्टवेअरची चौकशी वेगळी, त्यामुळे सॉफ्टवेअर चार, तर रोहितही चार.

लाइटरूमने त्याला झटपट गुलाबी केलं, पण त्याचं भाडं दरमहा. कॅप्चर वनमध्ये तो मुंजीला निघाल्यासारखा तुकतुकीत दिसला. डार्कटेबल फुकट, म्हणून मोठ्या आशेने उघडलं. त्यात मॉड्यूलं एवढी, की उजेड जरासा वाढवण्याआधी माझे दोन रविवार व्हिडिओ बघण्यात गेले. रॉ थेरपीही फुकट. तिथे नुसते ठिपके जुळवायच्या पद्धतीच डझनाहून जास्त! त्यातली 'अमेझ' आणि 'आरसीडी' यांत फरक काय, ते मी चारशे टक्के मोठं करून रात्री साडेअकरापर्यंत शोधलं. सापडला. रोहिताच्या डाव्या पायाच्या कडेला. बायकोला हाक मारून दाखवला.

"तो काठी आहे का पाय?" तिने विचारलं, आणि झोपायला गेली.

बरं, मूळ फाइलला यातलं कुणी हात लावत नाही. आपण काय केलं त्याची चिठ्ठी करून ठेवतात. डार्कटेबलची 'एक्सएमपी', रॉ थेरपीची 'पीपी३'. फोल्डरमध्ये रोहित एक आणि त्याच्या नावाने चिठ्ठ्या नऊ.

खऱ्या रोहिताला गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीतून. माझ्याला व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायच्या पट्टीवरून येत होता, आणि पट्टी केसभर सरकली की कावीळ होत होती.

अखेर गुढीपाडव्याची मुदत मिळाली. मी चारांतला एक निवडला, पिसांवरची गुलाबी कड पुन्हा तासभर निरखली आणि पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. संध्याकाळी पोराने बारा बाय अठराची प्रिंट हातात ठेवली. रोहित जास्वंदीसारखा लालभडक, पाणी रिनच्या जाहिरातीसारखं निळं.

"काका, फोटो जरा डल होता," तो म्हणाला, "मी ऑटो मारून दिलाय. त्याचे पैसे नाही लावले."