गाठ सापडल्यानंतरचे 60 दिवस

ब्रिटनमध्ये बाई पन्नाशीत आली की सरकारी आरोग्यसेवेचं पत्र येतं: मॅमोग्राफीला, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीला या. मग सत्तरी उलटेपर्यंत दर 3 वर्षांनी तेच. भारतातल्या मैत्रिणींना याचं अप्रूप वाटतं आणि आमचा वाद दरवेळी तिथेच येतो, की आपल्याकडे सरसकट मॅमोग्राफी का नाही? इथे ब्रिटनमध्ये इतकी वर्षं राहून मला मात्र वाटतं, आपण चुकीची गोष्ट मागतोय.

मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात आणि एक्स-रे काढतात. तरुण स्तनातला घट्ट, ग्रंथींचा भाग त्यात पांढरा दिसतो. गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपते. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं आधी होतो, म्हणजे नेमका अशा वयात. शिवाय ब्रिटनची सरकारी माहितीपुस्तिकाच सांगते की या तपासणीने एकीचा जीव वाचतो, तेव्हा साधारण तिघींना असा कर्करोग सापडतो जो कधी जिवावर उठला नसता. उपचार मात्र त्यांनाही सोसावे लागतात.

उलट मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर 2 वर्षांनी हाताने तपासले. 2021 मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण महागड्या यंत्राशिवाय, नुसत्या शिकलेल्या हातांनी एवढं साधलं याचा मला फार अभिमान वाटतो.

ब्रिटनकडून उचलण्यासारखं आहे ते पत्रानंतरचं. तपासलेल्या 100 जणींपैकी साधारण चौघींना परत बोलावतात आणि सोनोग्राफी, लागली तर सुईने बायोप्सी (गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं), सहसा एकाच फेरीत उरकते. चौघींपैकी बहुतेकींना काही निघत नाही. पण तारीख ठरलेली असते, आणि कोणी आली नाही तर विचारणारं माणूस असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुरू केलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या उपक्रमाचं हेच उद्दिष्ट आहे: पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान.

आपल्याकडे हे दिवस कशात जातात? "दुखत नाही ना, मग बघू." अगं, सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही! "सुई टोचली की पसरतो." नाही पसरत. "स्तनच काढतील." लवकर आलात तर अनेकदा फक्त गाठ काढून रेडिएशन देतात, 20 वर्षांच्या पाठपुराव्यात अशा बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. "आमच्यात कुणाला नव्हता." बहुतेक रुग्णांच्या घरात नसतोच, आनुवंशिक दोषातून होणारे 5 ते 10 टक्केच. दारू टाळणं, पाळी गेल्यावर वजन आटोक्यात ठेवणं, व्यायाम, अंगावर पाजणं यांनी धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून "तिचंच काहीतरी चुकलं असेल" असं कुणी म्हटलं की मला संताप येतो.

भारत सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत 30 ते 65 वयाच्या बायकांची हाताने तपासणी आहे, पण दर 5 वर्षांनी. वाद घालायचाच तर यावर घालूया: ही 5 वर्षं 2 वर कधी येणार, आणि गाठ लागलेल्या बाईला बायोप्सीची तारीख त्याच दिवशी, तिथेच कोण देणार?