‘नॅचरल मॅट सांगितलं, तोंडाला पीठ फासलं’ या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. आम्ही केलेल्या तुमच्या लग्नाच्या मेकअपबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: दुपारपर्यंत गालांवर पापुद्रे दिसू लागले, नाकाच्या कडेला बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, तुटला आणि फ्लॅशच्या फोटोंत डोळ्यांखाली पांढरं आलं. तिन्ही आमच्या गळ्यात पडतात. माल मात्र स्वस्तातला नव्हता. महागडा बेसही असा लावला तर असाच दिसतो.

तुमच्या फॉर्मवर ‘कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे’ असं स्पष्ट लिहिलंय. अशा त्वचेला मॅट प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचं, चमक दाबणारं क्रीम) लागतो तो कपाळाचा मधला भाग, नाक आणि हनुवटी एवढ्यालाच, सगळा मिळून वाटाण्याएवढा. गालांना फक्त मॉइश्चरायझर, आणि ते मुरायला पाच-सात मिनिटं. आमच्याकडून प्राइमर सगळ्या चेहऱ्याला गेला, वर लूज पावडरही सगळीकडे. गालांवर होता तेवढा ओलावाही पावडरने ओढून घेतला.

नाकाजवळचं कारण वेगळं. प्राइमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याच्या बेसचं, म्हणजे खालच्या थराला वरचा नीट धरत नाही. त्यात मे महिना, होमासमोरची धग. घाम आल्यावर कोणीतरी कॉम्पॅक्ट फिरवला असणार, कारण आम्ही टचअपच्या पाउचमध्ये दिला होता तोच. ओल्या त्वचेवर पावडर पडली की गुठळ्या होतात. आधी ब्लॉटिंग पेपर (तेल-घाम टिपणारा कागद) किंवा टिश्यू नुसता दाबायचा, घासायचा नाही; मग गरज वाटली तरच पफने चिमूटभर पावडर. पेपर पाउचमध्ये नव्हता, ही चूक आमचीच.

डोळ्यांखालचे पांढरे पट्टे सिलिकाच्या पावडरचे. साध्या उजेडात ती दिसतच नाही, फ्लॅश पडला की उजळते. जास्तीची पावडर झटकून, निघण्याआधी मोबाइलने एक फ्लॅशचा फोटो काढला असता तर तिथेच कळलं असतं.

रिसेप्शन येत्या रविवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी फाउंडेशन एकच पंप घेऊ. नाकापासून बाहेरच्या बाजूला, ओल्या स्पंजने थोपटत. डाग उरले तर तेवढ्यावर डाग झाकणारं कन्सीलर, बेसचा दुसरा थर नाही. पावडर नाक, भुवयांच्या मधला भाग आणि हनुवटीवर दाबून. गालाच्या हाडावरची किंचित चमक तशीच ठेवू. ती पुसली की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो, आणि तुम्ही मागितलं होतं ते नॅचरल मॅट. शेवटी मेकअप टिकवणारा सेटिंग स्प्रे हातभर अंतरावरून. शेड मात्र पुन्हा जुळवावी लागेल. लग्नाच्या दिवशी हळदीचा पिवळेपणा त्वचेवर होता. तो उतरल्यावर तीच शेड मानेशी जुळेलच असं नाही.

एवढं करूनही या दमटपणात तीन-चार तासांनी नाक चमकणारच. तेव्हा पेपर लागेल. ‘दिवसभर हात लावायला नको’ असं बुकिंगच्या वेळी आमच्याकडून सांगितलं गेलं असेल, तर ते चुकीचं होतं.

गुरुवारी मोफत ट्रायलला या. मेकअप करून घरी जा, चार तास स्वयंपाकघरात वावरा, मग ठरवा. नको वाटलं तर रिसेप्शनचा ॲडव्हान्स पूर्ण परत. लग्नाच्या मेकअपचे निम्मे पैसे ट्रायलला आलात किंवा नाही आलात तरी परत करतोय. फक्त बुकिंगच्याच नंबरवरून मेसेज करा.