लेकरांची पुस्तकं

मागच्या महिन्यात परभणीतल्या आमच्या वाचक मंडळात मी म्हणालो, पुढच्या बैठकीत ‘वॉचमेन’ या इंग्रजी कॉमिक्सवर बोलतो. सोबत नेलेलं पुस्तक सगळ्यांकडं फिरवलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी चार-सहा पानं चाळली, मिटून माझ्या हातात दिलं आणि अगदी मायेनं म्हणाले, “सर, या वयात लेकरांची पुस्तकं काय वाचायलाव?” बाकीचे हसले, दुसरा विषय ठरला. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्यामुळं मी कितीतरी चांगली पुस्तकं वाचलीत. म्हणूनच ते वाक्य लागलं. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर आज लिहितोय. लांब आहे, सवडीनं वाचा.

कॉमिक्सच्या या जगाशी माझी ओळख हिंदीतून झाली. नव्वदच्या दशकात आमच्या बसस्टँडजवळच्या टपरीवर नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव या नायकांचे कॉमिक्स भाड्यानं मिळायचे. थोरल्या चुलतभावाकडं त्याआधीचा इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, त्यातला वेताळ मराठीत बोलायचा. मला ध्रुव जास्त जवळचा, कारण त्याच्याकडं कुठलीच अचाट शक्ती नव्हती. सर्कशीत वाढलेला पोरगा, सर्कस जळाली, आईबाप त्यात गेले, आणि तिथं शिकलेल्या कसरतींवर तो उभा राहिला. ती पुस्तकं लेकरांसाठीच होती आणि त्यांचं ऋण मी मानतो. आज ज्यांच्याबद्दल बोलतोय ती वेगळी आहेत.

मंडळात नंतर चहा पिताना एकजण म्हणाले, तेच ते सुपरमॅन-बॅटमन, शंभर जणांनी लिहिलेले, त्यात साहित्य कुठलं आलं? मराठी वाचकानं हा आक्षेप घ्यावा याचं मला नवल वाटतं. कर्ण व्यासांचा. मग शिरवाडकरांचं ‘कौंतेय’, शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’, रणजित देसाईंचं ‘राधेय’ आपण कशासाठी वाचतो? चाक रुतणार आणि बाण लागणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी वाचतो, कारण या लेखकाला कर्णात काय सापडलं ते बघायचं असतं. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातली माणसं देव्हाऱ्यातून खाली उतरवून माणसं म्हणून तपासली. अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांनी १९८६-८७ मध्ये ‘वॉचमेन’च्या बारा भागांत मुखवटेवाल्या सुपरहिरोंची तशीच तपासणी केली. मुखवटा चढवून रात्री रस्त्यावर उतरणारा माणूस आतून कसा असेल? कुणी एकाकी, कुणी क्रूर, कुणी पोशाख घातल्याशिवाय धड बोलूही न शकणारा. आणि एक इतका बुद्धिमान की जग वाचवायला किती माणसं मारावी लागतील याचा शांतपणे हिशेब मांडणारा.

त्यातलं चौथं प्रकरण मी मराठीच्या वर्गात शिकवायला कधीही तयार आहे. प्रयोगशाळेतल्या अपघातानंतर एका शास्त्रज्ञाला सगळा काळ एकदम दिसू लागलेला असतो. तो मंगळावर आहे, हातात एक जुना फोटो. बारा सेकंदांनी तो फोटो आपल्या हातून वाळूत पडणार हे त्याला माहीत आहे. एका चौकटीत फोटो हातात, दुसरीत तो वाळूत पडलेला, मग पुन्हा हातात. १९५९ आणि १९८५ एकमेकांना खेटून बसलेले. कादंबरीत वाक्यामागून वाक्य येतं, सिनेमातलं दृश्य डोळ्यांदेखत निघून जातं. इथं मात्र होऊन गेलेलं आणि व्हायचं असलेलं एकाच पानावर उघडं असतं आणि नजर मागंपुढं फिरत राहते. त्या माणसाचं दुःख लेखकाला समजावून सांगावं लागत नाही. पान वाचता वाचता आपणच त्याच्यासारखं बघायला लागतो.

मला तेव्हा अजिंठ्याचं सतरा नंबरचं लेणं आठवलं. तिथल्या भिंतीवर विश्वंतर जातक आहे. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो: महालात पत्नीजवळ, मग नगर सोडून निघालेला, मग लेकरांसह रथात. मध्ये चौकटीची रेघसुद्धा नाही. खांब, दार, झाड आलं की प्रसंग बदलला हे डोळ्याला आपोआप कळतं. कथा तरी काय आहे? मागेल त्याला देत सुटलेला हा राजपुत्र राज्याचा हत्ती देतो, रथ देतो आणि शेवटी पोटची लेकरं देतो. चांगुलपणाची हद्द कुठं असावी, आपल्या चांगुलपणाची किंमत घरच्यांनी का मोजावी, हा प्रश्न पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याच डोंगरात चित्रांतून मांडून ठेवलाय. पाहुणे आले की आपण त्यांना वेरूळला नेतो, कैलास लेण्याच्या भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेलं रामायण-महाभारत बोटानं दाखवतो, आणि चित्रांची गोष्ट म्हणजे लेकरांची गोष्ट असंही म्हणतो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात ते मला कुणीतरी सांगावं.

हा समज कुठून आला त्यालाही इतिहास आहे. सुपरमॅन १९३८ साली आला. क्लीव्हलंडच्या दोन ज्यू तरुणांनी, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी, त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते. पुढं १९५४ साली कॉमिक्समुळं पोरं बिघडतात अशी ओरड अमेरिकेत झाली, सिनेटच्या समितीपुढं सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चांगल्याचा वाईटावर दर वेळी विजय झालाच पाहिजे, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही. असे नियम कादंबरीला लावले असते तर आपल्याकडं तरी काय उरलं असतं?

आता ‘व्हिजन’. टॉम किंगचं लेखन, गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टाची चित्रं, २०१५-१६, बारा भाग. एक कृत्रिम माणूस स्वतःसाठी बायको आणि दोन लेकरं घडवतो आणि व्हर्जिनियातल्या एका साध्या वस्तीत घर घेतो. त्यांना चारचौघांसारखं राहायचंय, एवढीच इच्छा. शेजारचं जोडपं बिस्किटं घेऊन भेटायला येतं. हे कुटुंब काही खात नाही, तरी आगतस्वागत सगळं रीतसर होतं आणि त्या पानांवर एक अवघडलेपण साचत जातं. पुढं एक गोष्ट झाकायला दुसरी करावी लागते आणि घर आतून उसवत जातं.

ते वाचताना मी पुण्यात खोली शोधत फिरलो ते दिवस आठवले. घरमालकीण हसून पाणी द्यायची आणि मग विचारायची, “गाव कुठलं? आडनाव काय?” परभणी म्हटल्यावर चेहरा किंचित बदलायचा. माझ्यासोबतच्या मित्राचं आडनाव ऐकल्यावर तर खोली “कालच गेली” असायची. तीन ठिकाणी हेच झालं. चौथ्या ठिकाणी तो बाहेरच थांबला, म्हणाला, तू विचारून ये. आपण बाकीच्यांसारखेच आहोत हे सतत सिद्ध करत राहण्यातला थकवा मला मराठी कथांतून कळला होता. तोच इतक्या नेमकेपणानं एका लालसर चेहऱ्याच्या यंत्रमानवाच्या घरात भेटला.

सगळंच थोर आहे असं मी म्हणत नाही. दर महिन्याला येणारा बराचसा माल नुसती हाणामारी असते. बॅटमनच्या ‘द किलिंग जोक’ला लोक डोक्यावर घेतात. मला ते पटत नाही, कारण त्यात पोलीस आयुक्तांच्या मुलीला, बार्बरा गॉर्डनला, गोळी घालून अपंग केलं जातं ते केवळ दोन पुरुषांची गोष्ट पुढं सरकावी म्हणून. फ्रँक मिलरचं बॅटमनवरचंच १९८६ चं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ रचनेच्या बाबतीत अफाट आहे, दूरचित्रवाणीच्या छोट्या छोट्या चौकटींतून शहराचा गलका ऐकू येतो. पण दांडक्यावरचा त्याचा विश्वास मला भीतीदायक वाटतो. एखाद्या पुस्तकाशी असं भांडावंसं वाटणं हे मी त्याचं मोठेपणच समजतो.

शेवटी एका पानाबद्दल. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’. त्यात सुपरमॅन मरायला टेकलाय, हातात थोडे दिवस आणि कामांचा ढीग. अशात एक मुलगी उंच इमारतीच्या कडेला उडी टाकायच्या बेतात उभी आहे. तो मागून येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो की तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला होता, आणि तुला वाटतं त्यापेक्षा तू खंबीर आहेस. ती वळून त्याला मिठी मारते. झालं, एवढंच पान.

आमच्या घरातलं एक माणूस आम्ही गमावलंय. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता, मी शिकवणीत होतो, उचलला नाही. आपल्या भागात अशी घरं गावोगाव आहेत, जास्त सांगायला नको. ते पान मी किती वेळा उघडलं असेल याची मोजदाद नाही. जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि त्या क्षणी तो काहीही उचलत नाही, कुणाशी लढत नाही. डॉक्टरांनी तुला टाकलं नव्हतं, त्यांना खरंच उशीर झाला, एवढाच निरोप घेऊन तो आलाय. त्या ‘खरंच’साठी मी ते पुस्तक जपून ठेवलंय.

ही सगळी मी इंग्रजीतून वाचली, महाग आहेत, जुन्या बाजारातून एकेक करून जमवली. माझ्याकडं आज अकरा आहेत. परभणीत कुणाला वाचायची असतील तर रविवारी सकाळी घरी या, इंग्रजी अडलं तर शेजारी बसून वाचू. आणि सर, तुम्ही ही पोस्ट वाचत असाल तर ‘व्हिजन’ तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय. वाचून झालं की मंडळात तुम्हीच त्यावर बोला, अगदी झोडपायचं असलं तरी.