गॅट शस्त्रक्रिया आणि त्याआधीचे थेंब

स्टेरॉइडमुळे मुलांना होणाऱ्या काचबिंदूवर ‘गॅट’ ही डोळ्यातील पाण्याची अडलेली वाट आतून उघडणारी शस्त्रक्रिया उपयोगी ठरते, हे लेखातील म्हणणे पटले. त्यामागचे कारणही सांगायला हवे होते. स्टेरॉइडमुळे अडथळा येतो तो मुख्यतः डोळ्यातील पाणी बाहेर नेणाऱ्या जाळीत, आणि त्याने डोळ्यातील दाब वाढतो. जाळीपलीकडे ते पाणी वाहून नेणारी श्लेम नलिका आणि पुढचा मार्ग बहुधा शाबूत असतो, म्हणूनच बारीक छेदातून नलिकेत धागा किंवा सूक्ष्म कॅथेटर 360 अंशांत फिरवून ती जाळी आतून उघडण्याची पद्धत या आजाराला विशेष लागू पडते. ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण उघडून नवी वाट करावी लागते, आणि मुलांची जखम जोमाने भरत असल्याने ती वाट बुजण्याची भीती असते. उघडी राहिली, तरी जंतुसंसर्गाचा धोका पुढेही उरतोच. गॅटनंतर काही दिवस डोळ्यात रक्त साठून धूसर दिसू शकते, हे मात्र पालकांना आधीच सांगावे.

माझी खरी तळमळ त्याआधीच्या टप्प्याविषयी आहे. स्टेरॉइडचे थेंब चालू असलेल्या प्रत्येक मुलाचा नेत्रदाब ठरावीक अंतराने मोजलाच पाहिजे. माझ्या भाच्याला ॲलर्जीमुळे डोळ्यांना असह्य खाज सुटायची, म्हणून एका जुन्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे थेंब वर्षभर दुकानातून आणले गेले. खाज थांबत होती, त्यामुळे दाब मोजण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. त्यातून काचबिंदू झाला; शस्त्रक्रियेने त्याचा दाब आटोक्यात आला. डाव्या डोळ्याची कडेची नजर मात्र परत आली नाही.