आधी शिडी, मग कागद

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बांगलादेशी म्हणून कुणाला पकडलं की चार दिवस तोच विषय चालतो, आणि त्यात इटलीचं उदाहरण हमखास येतं. ‘बघा, तिकडे बोटी अडवतात, आपण मात्र धर्मशाळा उघडून बसलोय.’ इटलीच्याच सिसिली बेटावरून ही चर्चा वाचताना वाटतं, दोन वेगळे प्रश्न एकातच कालवले जातायत. देशात कुणाला राहू द्यायचं, हा एक. बुडत्याला पाण्याबाहेर काढायचं की नाही, हा दुसरा. पहिल्यावर हवं तेवढं भांडा. सीमा राखणं सरकारचं कामच आहे. दुसरा प्रश्न केव्हाच मिटलाय. सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला 33 वा नियम सांगतो, की संकटाची खबर मिळाली की कॅप्टनने पूर्ण वेगाने जायचं आणि माणूस कुठला, कोण, हे बघायचं नाही. भारतानेही हा करार स्वीकारलाय. नवी मुंबईत करावेला टी. एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या पोरांना हे पाठ असतं.

पाठ असणं वेगळं आणि करणं वेगळं. इटलीकडे यायला लिबियाहून सुटणारी रबरी बोट साधारण दहा-बारा मीटरची असते. तळाला प्लायवूड, मागे जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि आत शंभराच्या वर माणसं. लाटांनी फळी मोडते, खिळे वर येतात, ट्यूबमधली हवा उतरू लागते. डब्यांतून सांडलेलं पेट्रोल तळाच्या खाऱ्या पाण्यात मिसळलं की कातडी भाजते. बायका-पोरांना सुरक्षित म्हणून मधोमध बसवतात, त्यामुळे सगळ्यात जास्त भाजतात त्याच.

अशा बोटीकडे मोठं जहाज सरळ नेणं ही सगळ्यात घातक चूक. जहाज दिसलं की सगळे एका अंगाला सरकतात आणि बोट उलटते. म्हणून जहाज लांबच ठेवायचं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आडवं धरून आडोसा करायचा. पण वारा त्यालाच बोटीवर ढकलत असतो, तेही सांभाळायचं. मग रेस्क्यू बोट उतरवायची, आणि तिने आधी कुणालाच उचलायचं नाही. एकाने फक्त बोलायचं: बसा, उभे राहू नका, सगळ्यांना घेणार आहोत. त्यानंतर लाइफ जॅकेट वाटायची, आणि मग थोडी थोडी माणसं काढायची. रिकाम्या टँकरचं डेक पाण्यापासून आठ-दहा मीटर उंच असतं. दोन दिवसांच्या उपाशी माणसाचा हात पायलट लॅडरवरून, म्हणजे जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून, सुटतो, म्हणून काखेखालून दोर हवाच.

खरं राजकारण सुरू होतं ते माणसं डेकवर आल्यावर. कायद्याने सुटका संपते ती ‘सुरक्षित ठिकाणी’ उतरवल्यावर, आणि ते ठिकाण कुठलं यावर सगळे हात वर करतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये मेर्स्क एटिएन या डॅनिश टँकरने 27 जणांना वाचवलं आणि माल्टाबाहेर 38 दिवस अडकून पडला. इटलीने 2023 च्या जानेवारीत स्वयंसेवी संस्थांच्या बचावजहाजांसाठी नियम आणला: एक सुटका झाली की विनाविलंब नेमून दिलेल्या बंदरात जा, नाहीतर दंड आणि 20 दिवस जहाज जप्त. बंदर मात्र बरेचदा पार उत्तरेचं, रावेन्ना नाहीतर जेनोवा. लिबियासमोरून रावेन्ना सुमारे 900 सागरी मैल, म्हणजे 10 नॉटने पावणेचार दिवस; सिसिलीचं ऑगुस्ता एका दिवसाच्या आसपास. परतीचा प्रवास धरला तर ते जहाज आठवडाभर त्या पाण्यातून गायब. कुणी म्हणत नाही, ‘वाचवू नका’. वेळापत्रकच असं आखतात.

‘वाचवलं की आणखी येतात’ हा युक्तिवाद आकड्यांपुढे टिकत नाही. 2014 मध्ये इटलीत समुद्रमार्गे सुमारे 1 लाख 70 हजार आले. त्या ऑक्टोबरात नौदलाची ‘मारे नोस्त्रुम’ बचावमोहीम बंद झाली, तरी 2015 मध्ये दीड लाखावर आणि 2016 मध्ये 1 लाख 81 हजार आलेच. 2024 मध्ये आकडा 66 हजारांवर उतरला हे खरं, पण त्यामागे मुख्यतः ट्युनिशिया आणि लिबियाच्या किनाऱ्यावरची धरपकड आहे. ती कशी चालते, हे मतदारांना दिसत नाही.

आणि हो, 2024 मध्ये इथे समुद्रातून आलेल्यांत सर्वाधिक बांगलादेशीच होते. इटलीने त्या ऑक्टोबरात आश्रयाचे अर्ज तपासायला अल्बेनियात उघडलेल्या केंद्रात पहिले 16 जण पाठवले, 10 बांगलादेशी आणि 6 इजिप्शियन. चौघांना लगेच इटलीत आणावं लागलं, दोघे अल्पवयीन निघाले आणि दोघांची प्रकृती ठीक नव्हती म्हणून. उरलेल्या बारा जणांना रोमच्या कोर्टाने काही दिवसांत परत आणायला लावलं. नौदलाचं जहाज आणि एवढा खर्च करूनही चाळणी आधी नीट झाली नव्हती. आपल्याकडे तर 2025 च्या जूनमध्ये मीरा रोडवरून उचललेला बंगालचा एक गवंडी थेट सीमेपार ढकलला गेला, आणि भारतीय निघाल्यावर परत आणावा लागला. अल्बेनियात चूक सापडली ती मध्ये कोर्ट होतं म्हणून.

समुद्रातही आपली पाटी कोरी नाही. 2021 च्या फेब्रुवारीत अंदमान समुद्रात इंजिन बंद पडलेली रोहिंग्यांची बोट सापडली, 81 जिवंत, 8 मृत. तटरक्षक दलाने अन्न-पाणी, औषधं दिली, पण किनाऱ्यावर उतरवलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाला, 261 माणसं होती. नौदलाने त्या उसळत्या समुद्रातून रात्रंदिवस माणसं काढली. आधार कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत कुणी म्हणणार नाही.

ज्यांच्या घरचं कुणी शिपवर आहे त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. जीव वाचवायला मार्ग सोडणं हा करारभंग ठरत नाही. वाचवलेल्यांना उतरवायला लागलेलं जादा इंधन, रेशन, बंदराचा खर्च सहसा पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांची आपसातली विमा संस्था, देतो. भाड्याचा तोटा चार्टर पार्टीत, म्हणजे जहाज भाड्याने देण्याच्या करारात, काय लिहिलंय त्यावर. उलट धोका आहे तो चुकीच्या ठिकाणी उतरवण्यात. 2018 मध्ये आसो 28 या इटालियन जहाजाने 101 जणांना लिबियातल्या त्रिपोलीत, म्हणजे सुरक्षित न मानलेल्या बंदरात, नेऊन सोडलं. कॅप्टनला नेपल्सच्या कोर्टाने एक वर्षाची शिक्षा दिली, ती 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. त्यामुळे जहाजाच्या व्हीएचएफ रेडिओवर कुणी ‘लिबियाकडे सोपवा’ म्हटलं, तर कोण बोललं, किती वाजता, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, हे तिथल्या तिथे लॉगबुकात उतरवायचं आणि कंपनीला व रोमच्या बचाव केंद्राला लेखी कळवायचं. जुन्या व्हीडीआरमध्ये (जहाजाचा ब्लॅक बॉक्स) 12 तासांनी नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं, म्हणून शेवटचा माणूस डेकवर आला की सेव्हचं बटण दाबायचं.